धाब्याचे घर

उत्तरेस सातपुड्याची निळसर रांग आणि दक्षिणेस तापी नदी यांच्या मधल्या काळ्याभोर पट्ट्यात सावदा हे गाव वसले आहे. जळगाव जिल्ह्याच्या रावेर तालुक्यातील हा मुलूख केळीच्या बागांसाठी प्रसिद्ध आहे. अशा गावांच्या जुन्या वस्तीत शिरले, की सपाट छपरांची मातीची घरे दृष्टीस पडतात. हीच खानदेशातील धाब्याची घरे होत.

या भागात वैशाखात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. पाऊस मात्र बेताचाच. म्हणून पूर्वजांनी दीड-दोन हात जाडीच्या मातीच्या भिंती उभारल्या. दगडी तळखड्यांवर सागाचे खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या आणि कड्यांवर फळ्या अशी रचना त्यांनी केली. फळ्यांवर पाला व चिखलाचा थर आणि सर्वांत वर खारी माती. ही खारी माती म्हणजे धाब्याचा प्राणच! तिच्यात सोडियमचे क्षार असतात. पहिल्या सरी पडताच तिचे सूक्ष्म कण फुगून सुटे होतात व बारीक छिद्रे बुजवून टाकतात. मग वरचे पाणी उताराने पन्हळीकडे जाते. काळ्या मातीच्या अंगी हा गुण नाही. ती उन्हाने तडकते आणि भेगांतून पाणी आत घेते.

परंतु दर पावसाळ्यात खारी मातीही थोडी थोडी वाहून जाते. म्हणून पावसाळ्यापूर्वी धाब्यावर नवा थर द्यावाच लागतो. हे काम टाळले, तर पाणी झिरपत भिंतीत शिरलेल्या तुळईच्या टोकापर्यंत पोहोचते, लाकूड कुजते आणि वाळवीला आयते घर मिळते. मातीच्या घराला माणसांचा हात सतत लागतो. आफ्रिकेतील माली देशात जेने नावाचे गाव आहे. तेथील १९०७ साली बांधलेल्या मातीच्या भव्य मशिदीला दरवर्षी नवा गिलावा देतात. त्या दिवशी सारे गाव चिखलाच्या पाट्या घेऊन जमते आणि त्या कामाचाच मोठा उत्सव होतो.

खानदेशात काम आणि सण यांची सांगड आखाजीने घातली आहे. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. सासरी गेलेल्या लेकी या सणाला माहेरी येतात, लिंबाच्या झाडांना झोके बांधले जातात, खापरावरच्या पुरणपोळ्या आणि आमरस यांची रेलचेल होते. कवयित्री बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांनी या सणावर कविता रचली आहे. जळगावातील चौधरी वाड्यात त्यांचे स्मृतिसंग्रहालय आहे. पण प्रत्येक जुन्या घराचे संग्रहालय थोडेच होणार? बाकीच्या घरांत चूल पेटली पाहिजे. आखाजी येते ती नेमकी पावसाळ्याच्या तोंडावर. लेकी येण्यापूर्वी धाबे नीट केले, की उन्हाळ्याच्या रात्री सर्व मंडळी त्यावर निजायला मोकळी!

आता पुष्कळ घरांतील मुले पुण्या-मुंबईस नोकरीला गेली आहेत. घर वर्षातून अकरा महिने कुलपात असते. एखाद्या पावसाळ्यात भिंत फुगते, आणि मग भावाभावांत प्रश्न उभा राहतो : घर पाडावे की राखावे? जुन्या सागाला चांगला भाव येतो. घर मोडून लाकूड विकणे सोपे असते. तसे सागवान पुन्हा मिळवणे मात्र फार कठीण. जे घर राखायचे ठरवतात, त्यांच्यापुढे दुसरी अडचण असते. डागडुजी वर्ष-दोन वर्षे चालते, आणि सण तर थांबत नाहीत. म्हणून कामाचा क्रम सणांवरूनच लावणे शहाणपणाचे ठरते.

दिवाळी उरकली, की कोरड्या हवेत सुतारकाम घ्यावे. खांब बहुधा बुडाशीच कुजतो. तुळईला भक्कम टेकू देऊन कुजका भाग तेवढा कापतात व तेथे मुरलेल्या सागाचा नवा तुकडा सांध्याने बसवतात. एका वेळी एकच खांब. घाई केली तर छपर खाली येईल. त्यानंतर भिंतींचा गिलावा. येथे अनेकजण सिमेंट वापरून फसतात. मातीच्या भिंतीत मुरलेली ओल सिमेंटमुळे बाहेर पडू शकत नाही आणि भिंत आतून भुसभुशीत होते. चुन्याचा गिलावा ओल बाहेर सोडतो. तो हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून हळूहळू दगडासारखा कठीण होतो; त्याला अवधी द्यावा लागतो. चैत्रात धाब्यावर खारी पडते. आखाजीला पाहुणे आले, की टेकू लावलेल्या खोलीच्या दारात आडवा बांबू बांधावा आणि मुलांचा झोका तुळईला न टांगता लिंबालाच टांगावा.

श्रावणात काम बंद. नागपंचमीनंतरच्या रविवारी अनेक कुळांत कानबाईची स्थापना होते व सोमवारी विसर्जन. तेव्हा दूरदूरची भाऊबंदकी मूळ घरी जमते. घरातील दर पुरुषामागे सव्वा मूठ गहू मोजून त्याचे रोट करतात. मुंबईचा चुलता, पुण्याचा पुतण्या, पाळण्यातले तान्हे मूल, साऱ्यांच्या नावे धान्य पडते. माजघरात पंगत बसते. धुराने काळवंडलेल्या खांबाच्या बुडाशी नव्या लाकडाचा पिवळा तुकडा तेवढा वेगळा दिसतो, आणि त्याला पाठ टेकून कोणी आजोबा रोटाचा घास मोडीत असतात.