स्वयंरिक्त रोबोट व्हॅक्यूम क्लीनर

स्वयंरिक्त रोबोट व्हॅक्यूम क्लीनर हे घरातील जमिनीवरचा केर आपोआप गोळा करणारे आणि गोळा झालेला केर स्वतःच रिकामा करणारे विद्युत उपकरण आहे. त्याचे दोन भाग असतात : जमिनीवर फिरणारा चपटा, चाके असलेला रोबोट आणि भिंतीलगत ठेवलेला स्थिर डॉक. साध्या रोबोटचा डॉक केवळ बॅटरी चार्ज करतो. स्वयंरिक्त प्रकारात डॉकमध्ये स्वतंत्र मोटर आणि केराची पिशवी किंवा डबा असतो. रोबोट काम आटोपून डॉकवर परतला की ही मोटर त्याच्या छोट्या केरपेटीतील केर ओढून घेते.

या सोयीमुळे केरपेटी रोज हाताने झटकण्याचे काम काही आठवड्यांतून एकदा करावे लागते. ते पूर्णपणे संपत नाही. ब्रशभोवती गुंडाळलेले केस काढणे, फिल्टर साफ करणे आणि पिशव्या बदलणे ही कामे माणसालाच करावी लागतात. म्हणून असे उपकरण निवडताना शोषणाच्या जाहिरातीतील आकड्यांपेक्षा घराची जमीन, केराचा प्रकार, डॉकसाठी उपलब्ध जागा आणि सुट्या भागांचा खर्च या गोष्टी अधिक निर्णायक ठरतात.

इतिहास

घरगुती रोबोट व्हॅक्यूम क्लीनरचा आरंभीचा नमुना स्वीडनच्या इलेक्ट्रोलक्स कंपनीने तयार केला. तो १९९६ मध्ये बीबीसीच्या 'टुमॉरोज वर्ल्ड' या कार्यक्रमात दाखवण्यात आला आणि २००१ मध्ये 'ट्रायलोबाइट' या नावाने बाजारात आला. अडथळे ओळखण्यासाठी त्यात श्राव्यातीत ध्वनीचा उपयोग केला होता. त्याचे नाव समुद्रतळावर वावरणाऱ्या एका नामशेष प्राणिगटावरून घेतले होते.

या उपकरणाचा व्यापक प्रसार २००२ मध्ये आलेल्या 'रूम्बा'मुळे झाला. रॉडनी ब्रूक्स, कॉलिन अँगल आणि हेलन ग्रायनर यांनी १९९० मध्ये अमेरिकेत स्थापन केलेल्या आयरोबॉट कंपनीचे ते उत्पादन होते. सुरुवातीचे रूम्बा घराचा नकाशा तयार करत नसत. अडथळ्याला धडकून दिशा बदलणे, भिंतीच्या कडेने जाणे आणि गोल फिरणे अशा साध्या वर्तनांतून ते खोली झाडत. २०१० मध्ये निआटो कंपनीच्या 'एक्सव्ही-११' या रोबोटने फिरत्या लेझरच्या साहाय्याने अंतरे मोजून ओळीओळीने सफाई करण्याची पद्धत घरगुती बाजारात आणली.

केर आपोआप रिकामा करण्याची कल्पनाही जुनी आहे. जर्मनीच्या कार्चर कंपनीचा २००३ मधील 'आरसी ३०००' हा रोबोट आपल्या स्थानकावर जाऊन केर सोडत असे. मात्र त्याची किंमत सर्वसामान्य घरांच्या आवाक्याबाहेर होती. २०१८ मध्ये आयरोबॉटने 'रूम्बा आय७+' या प्रतिमानासोबत पिशवी असलेला डॉक दिला आणि त्यानंतर ही रचना झपाट्याने रूढ झाली. पुढे रोबोरॉक, इकोव्हॅक्स इत्यादी चिनी कंपन्यांनी याच डॉकमध्ये पोछा धुण्याची व वाळवण्याची सोय जोडली.

रचना व कार्य

रोबोटचा व्यास साधारणपणे ३३ ते ३५ सेंमी असतो. खालच्या बाजूला मुख्य फिरता ब्रश, कडेचा केर आत ढकलणारा छोटा ब्रश, दोन चालक चाके आणि जिन्यावरून पडू नये म्हणून बसवलेले अवरक्त संवेदक असतात. आतल्या केरपेटीची धारणक्षमता बहुधा ३०० ते ५०० मिलिलिटर असते.

डॉकजवळ आल्यावर रोबोट अवरक्त संकेतांच्या आधारे आपली दिशा जुळवतो. तो जागेवर बसला की केरपेटीचे निर्गमद्वार डॉकच्या नळीच्या तोंडाशी येते. डॉकची मोटर सुरू होते, हवेचा जोरदार प्रवाह केरपेटीतून जातो आणि केर नळीवाटे पिशवीत पोहोचतो. पिशवीचा कागद किंवा कापड हवा बाहेर सोडते आणि धूळ अडवते. ही क्रिया साधारणपणे १० ते ३० सेकंद चालते. तेवढ्या वेळात मोठ्या व्हॅक्यूम क्लीनरइतका आवाज होतो. त्यामुळे रात्री किंवा लहान मुलाच्या झोपेच्या वेळी ती होऊ नये अशी वेळ ठरवून देण्याची सोय असणे महत्त्वाचे असते.

डॉकचे दोन प्रकार आढळतात. पिशवीच्या डॉकमध्ये भरलेली पिशवी तोंड बंद करून टाकून देता येते आणि धूळ पुन्हा हवेत उडत नाही. परंतु पिशव्या सतत विकत घ्याव्या लागतात. बिनपिशवीच्या डॉकमध्ये केर डब्यात साठतो आणि पिशव्यांचा खर्च वाचतो. परंतु डबा रिकामा करताना साठलेली सगळी धूळ एकदम उडू शकते. धुळीची ॲलर्जी किंवा दमा असलेल्यांच्या घरी पहिला प्रकार अधिक सोयीचा ठरतो.

मार्गनिर्धारण

रोबोटला घराची ओळख करून देणाऱ्या पद्धती मुख्यतः तीन आहेत. स्वस्त प्रतिमानांत घूर्णदर्शी आणि चाकांच्या फेऱ्यांची मोजणी यांवरून दिशा व अंतर ठरते. यात लहान चुका साचत जातात आणि मोठ्या घरात काही भाग सुटतो. लायडार पद्धतीत रोबोटच्या माथ्यावरील फिरता लेझर सभोवतालची अंतरे मोजतो. ही पद्धत अंधारातही चालते, मात्र माथ्यावरच्या उंचवट्यामुळे रोबोटची उंची वाढते. कॅमेऱ्यावर आधारित पद्धतीत छत व भिंती यांवरील ठळक खुणा ओळखून नकाशा तयार केला जातो. तिला उजेड लागतो.

नकाशा आणि अडथळे टाळणे या दोन वेगळ्या क्षमता आहेत. लायडारचा किरण एका ठरावीक उंचीवरून जातो. त्याला भिंत व कपाट दिसते. जमिनीवर पडलेली वायर, पायमोजा किंवा पाळीव प्राण्याची विष्ठा दिसत नाही. अशा वस्तू टाळायच्या असतील तर पुढच्या बाजूला कॅमेरा किंवा प्रकाशाच्या साहाय्याने खोली मोजणारा संवेदक असावा लागतो. आरसे आणि जमिनीपर्यंतच्या काचा लेझरला फसवू शकतात. काळ्या फरशीवरून अवरक्त किरण पुरेसे परावर्तित न झाल्यास रोबोट तिला जिन्याची कड समजून थांबू शकतो.

निवडीचे निकष

शोषण : उत्पादक शोषणदाब पास्कल या एककात सांगतात. सुरुवातीच्या तुलनेत हे आकडे बरेच वाढले असून अनेक प्रतिमानांवर १०,००० पास्कलपेक्षा मोठा आकडा छापलेला असतो. हा आकडा केवळ दाबातील फरक दाखवतो. दर सेकंदाला किती हवा वाहते आणि ब्रश केर किती उचलतो हे त्यावरून कळत नाही. फरशी किंवा टाइल्सवरचा सुटा केर उचलायला मध्यम शोषण पुरते. गालिच्याच्या तंतूंत रुतलेली धूळ काढण्यासाठी मात्र चांगला ब्रश आणि पुरेसा वायुप्रवाह लागतो. प्रयोगशाळेत अशा रोबोटची कार्यक्षमता मोजण्यासाठी आंतरराष्ट्रीय विद्युततांत्रिक आयोगाचे 'आयईसी ६२८८५-७' हे मानक आहे.

ब्रश : लांब केस असलेल्या घरांत राठ केसांच्या ब्रशऐवजी रबरी रूळ असल्यास गुंता कमी होतो. ब्रश हत्याराशिवाय बाहेर काढता येतो की नाही, हे खरेदीपूर्वी पाहणे हिताचे असते. डॉकची मोटर केरपेटीतील केस ओढू शकते. ब्रशला गुंडाळलेले केस ती काढू शकत नाही.

पिशवीचा कालावधी : जाहिरातींत '६० दिवस' असे आकडे दिलेले असतात. ते केराच्या गृहीत धरलेल्या प्रमाणावर अवलंबून असतात. समजा, पिशवी अडीच लिटरची आहे आणि रोबोट रोज एकदा फिरतो. दर फेरीत ४० मिलिलिटर केर निघत असेल तर पिशवी ६२ दिवस पुरेल. १२५ मिलिलिटर निघत असेल तर ती २० दिवसांत भरेल. पहिल्या घराला वर्षाकाठी सुमारे ६, तर दुसऱ्याला सुमारे १८ पिशव्या लागतील. रस्त्यालगतच्या, बांधकामाशेजारच्या किंवा पाळीव प्राणी असलेल्या घरांनी दुसरा हिशेब धरणे योग्य ठरते. खरेदीच्या किमतीत तीन वर्षांच्या पिशव्या, फिल्टर, ब्रश आणि संभाव्य बॅटरीची किंमत मिळवल्यास खरा खर्च समोर येतो.

उंची व उंबरठे : सोफा, पलंग आणि कपाट यांखालील मोकळी जागा मोजून ती रोबोटच्या उंचीशी ताडून पाहावी लागते. लायडार असलेले अनेक रोबोट सुमारे १० सेंमी उंच असतात. बहुसंख्य रोबोट सुमारे २ सेंमी उंचीचा अडथळा ओलांडतात. त्याहून उंच उंबरठा असलेल्या खोलीत त्यांना उचलून न्यावे लागते, आणि अशा खोलीतून ते रिकामे होण्यासाठी आपोआप परतू शकत नाहीत. ज्या घरात प्रत्येक खोलीला उंच उंबरठा आहे, तेथे डॉकच्या जादा किमतीचा लाभ थोडाच मिळतो.

डॉकची जागा : डॉकच्या दोन्ही बाजूंना सुमारे अर्धा मीटर आणि समोर एक ते दीड मीटर मोकळी जागा ठेवण्याची शिफारस साधारणपणे केली जाते. जवळ विजेचा सॉकेट हवा. लहान सदनिकेत ही जागा दारामागे किंवा चपलांच्या मांडणीशेजारी शोधली जाते. तेथे वाटेत वस्तू येत राहिल्यास रोबोट डॉकवर पोहोचत नाही. याउलट, एक-दोन खोल्यांच्या घरात केरपेटी रोज हाताने रिकामी करणे फारसे कष्टाचे नसल्याने डॉकविना मिळणारा स्वस्त रोबोटही पुरेसा ठरू शकतो.

फिल्टर : 'हेपा' या नावाने विकले जाणारे सर्व फिल्टर एकाच प्रतीचे नसतात. अमेरिकी व्याख्येनुसार हेपा फिल्टरने ०.३ मायक्रोमीटर आकाराचे किमान ९९.९७ टक्के कण अडवले पाहिजेत. फिल्टर कितीही चांगला असला तरी त्याभोवतीच्या फटींतून हवा निसटत असेल तर त्याचा उपयोग घटतो.

वीज व बॅटरी : १४.४ व्होल्ट आणि ५,२०० मिलिअँपिअर-तास क्षमतेच्या बॅटरीत सुमारे ७५ वॉट-तास ऊर्जा साठते. चार्ज करतानाची घट धरूनही एका पूर्ण चार्जला एक युनिटच्या दशांशाच्या आसपास वीज लागते. त्यामुळे वीजबिलापेक्षा बॅटरी सुटी मिळते का आणि ती वापरकर्त्याला स्वतः बदलता येते का, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे.

भारतीय घरांतील वापर

फरशी, टाइल्स किंवा संगमरवराची जमीन या उपकरणाला अनुकूल असते. मात्र काही गोष्टी लक्षात घ्याव्या लागतात. केवळ कोरडी सफाई करणाऱ्या रोबोटने पाणी ओढल्यास मोटर बिघडू शकते. म्हणून मोरी, न्हाणीघराचा दरवाजा आणि ओल्या पुसलेल्या लाद्या त्याच्या मार्गातून वगळाव्या लागतात. रांगोळी, राख आणि सिमेंट यांची बारीक पूड फिल्टरची छिद्रे लवकर बुजवते. ॲपमधील नकाशावर दारापुढील रांगोळीचा व देव्हाऱ्याचा भाग निषिद्ध क्षेत्र म्हणून आखता येतो. जमिनीवर पणती, समई किंवा पेटती उदबत्ती असताना रोबोट चालवणे धोक्याचे आहे.

पिशवीत अन्नाचे कणही साठतात. दमट हवेत, विशेषतः कोकणपट्टीतील पावसाळ्यात, अशा केराला कुबट वास येण्याची किंवा मुंग्या लागण्याची शक्यता असते. त्या काळात पिशवी पूर्ण भरण्याची वाट न पाहता ती बदलणे श्रेयस्कर असते.

गोपनीयता व सुरक्षितता

नकाशा तयार करणारा रोबोट घराची रचना जाणतो आणि कॅमेरा असलेला रोबोट घराच्या आतील दृश्ये टिपतो. डिसेंबर २०२२ मध्ये 'एमआयटी टेक्नॉलॉजी रिव्ह्यू' या नियतकालिकाने चाचणीसाठी वापरलेल्या रूम्बा रोबोटांनी २०२० मध्ये टिपलेली खासगी छायाचित्रे समाजमाध्यमांवरील गटांत पोहोचल्याचे वृत्त दिले. ही छायाचित्रे संगणकाला वस्तू ओळखायला शिकवण्याच्या कामासाठी कंत्राटी कामगारांकडे गेली होती. ते रोबोट विक्रीसाठीचे नव्हते, तर लेखी संमती दिलेल्या व्यक्तींच्या घरी विकासकामासाठी ठेवलेले होते, असे कंपनीने स्पष्ट केले. २०२४ मध्ये अमेरिकेतील काही घरांत इकोव्हॅक्स कंपनीच्या 'डीबॉट एक्स२' रोबोटांचा ताबा परक्या व्यक्तींनी मिळवून त्यांच्या ध्वनिवर्धकातून शिवीगाळ केल्याच्या घटना उघडकीस आल्या.

या कारणांमुळे कॅमेरा खरोखर आवश्यक आहे का, छायाचित्रांवरील प्रक्रिया रोबोटमध्येच होते की कंपनीच्या सर्व्हरवर, आणि सुरक्षा-अद्यतने किती वर्षे मिळतील, हे प्रश्न खरेदीपूर्वी विचारले जातात. ब्रिटनमध्ये एप्रिल २०२४ पासून इंटरनेटला जोडल्या जाणाऱ्या ग्राहकोपयोगी उपकरणांच्या उत्पादकांनी अद्यतनांचा किमान कालावधी जाहीर करणे बंधनकारक आहे.

सर्व्हरवरील अवलंबित्वाचा आणखी एक परिणाम असतो. कंपनीने सेवा थांबवल्यास नकाशा, वेळापत्रक आणि निषिद्ध क्षेत्रे यांसारख्या ॲपमधील सोयी बंद पडू शकतात. निआटो कंपनीचा व्यवसाय तिच्या जर्मन मालक समूहाने २०२३ मध्ये गुंडाळला. इंटरनेटशिवाय, केवळ रोबोटवरील बटण दाबून सफाई आणि केर रिकामा करणे ही दोन्ही कामे होतात का, ही त्यामुळे उपयुक्त कसोटी ठरते.

देखभाल व विल्हेवाट

मुख्य ब्रश व चाके यांतील केस आठवड्यातून एकदा काढणे, संवेदक कोरड्या मऊ कापडाने पुसणे आणि फिल्टर उत्पादकाच्या सूचनेनुसार झटकणे किंवा बदलणे ही नियमित देखभाल होय. धुतलेला फिल्टर पूर्ण वाळल्याशिवाय बसवू नये. केर डॉकमध्ये जात नसेल तर प्रथम केरपेटीचे निर्गमद्वार आणि डॉकची नळी तपासावी; कागदाचा तुकडा, गोळी-चॉकलेटचे वेष्टन किंवा केसांचा गोळा तेथे अडकल्याचे अनेकदा आढळते. पिशवी भरल्याची सूचना देणारे दिवे बहुधा हवेच्या प्रवाहातील अडथळा ओळखतात, त्यामुळे नळी तुंबली तरी पिशवी भरल्याची सूचना मिळू शकते.

निकामी रोबोट व त्याची लिथियम-आयन बॅटरी घरच्या केरात टाकू नये. चिरडलेली किंवा छिद्र पडलेली अशी बॅटरी पेट घेऊ शकते. भारतात १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ अन्वये विद्युत उपकरणांच्या उत्पादकांवर त्यांच्या पुनर्चक्रीकरणाची जबाबदारी आहे. जुने उपकरण अधिकृत संकलन केंद्राकडे किंवा पुनर्चक्रीकरण करणाऱ्याकडे सोपवता येते.

हेही पाहा

व्हॅक्यूम क्लीनर
यंत्रमानव
लायडार
ई-कचरा