फॉर्मॅलिन घातक, अ‍ॅसिटोन सौम्य, असे का?

गोव्यात जुलै २०१८ मध्ये परराज्यांतून आलेल्या मासळीत फॉर्मॅलिन असल्याच्या संशयाने खळबळ उडाली आणि सरकारला मासळीच्या आयातीवर काही दिवस बंदी घालावी लागली. वादात रसायनशास्त्राचा मुद्दा मागेच राहिला. फॉर्मॅलिनमधील फॉर्मल्डिहाइड आणि नेलपॉलिश काढण्यासाठी वापरले जाणारे अ‍ॅसिटोन हे तसे जवळचे नातलग. मग एकाची जागा शवागारात आणि दुसऱ्याची ड्रेसिंग टेबलावर का?

दोन्हींच्या रेणूत कार्बन व ऑक्सिजन दुहेरी बंधाने जोडलेले असतात. ऑक्सिजन इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढतो, त्यामुळे कार्बनवर अंशतः धनभार येतो. इलेक्ट्रॉनांची जोडी देऊ शकणारे रेणू नेमके याच कार्बनवर चालून येतात. अ‍ॅसिटोन हे कीटोन. त्याच्या या कार्बनच्या दोन्ही बाजूंना मिथिल गट पहारेकऱ्यांसारखे उभे असतात. ते वाट अडवतातच, शिवाय आपले इलेक्ट्रॉन पुढे सरकवून धनभारही सौम्य करतात. अल्डिहाइडमध्ये किमान एका बाजूला नुसता हायड्रोजन असतो. फॉर्मल्डिहाइडमध्ये तर दोन्ही बाजूंना! फरक किती, हे साध्या पाण्यात कळते. फॉर्मल्डिहाइडचे जवळजवळ सर्व रेणू पाण्याशी संयोग पावतात, अ‍ॅसिटॅल्डिहाइडचे सुमारे निम्मे, अ‍ॅसिटोनचे मात्र हजारात एक-दोनच. उपवासात आपले शरीर स्वतःच थोडे अ‍ॅसिटोन तयार करते आणि श्वासावाटे बाहेर टाकते.

फॉर्मल्डिहाइड मात्र प्रथिनांतील अमिनो गटांना चिकटते आणि शेजारच्या साखळ्या एकमेकींना बांधून टाकते. फ्रँकफर्टचे डॉ. फर्डिनांड ब्लूम यांना १८९३ मध्ये या द्रावणाने आपल्याच बोटांची त्वचा कडक झाल्याचे आढळले. ऊती टिकविण्याची पद्धत त्यातूनच आली. मासळीतही हेच घडते. मांस घट्ट राहते, जंतू मरतात आणि शिळा मासा ताजा भासतो. जंतूंची प्रथिने कोणती आणि माणसाची कोणती, हा भेद हे रसायन करीत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये त्याला माणसात कर्करोग घडविणारा पदार्थ ठरविले, तेही प्रामुख्याने श्वासावाटे जाणाऱ्या वायूच्या पुराव्यावरून.

एक गुंतागुंत उरते. काही माशांत, आपल्या बोंबलात तर विशेषच, फॉर्मल्डिहाइड नैसर्गिकरीत्याही तयार होते. म्हणूनच तपासणीत त्याचा अंश सापडला एवढ्यावरून भेसळ सिद्ध होत नाही. मासा कोणता आणि प्रमाण किती, हे प्रयोगशाळेत मोजावेच लागते.