३६६वा दिवस

१९७१च्या जूनमध्ये कॅलिफोर्नियातल्या एका मुलीचं लग्न झालं आणि ती नवऱ्याबरोबर त्याच्या राज्यात, कनेक्टिकटला राहायला आली. नवरा जन्मापासून तिथलाच. स्टॉर्स हे विद्यापीठाचं गाव, तिथे दोघांनी बिऱ्हाड थाटलं. तिनं तिथलं ड्रायव्हिंग लायसन्स काढलं, गाडीची नोंदणी केली, मतदार यादीत नाव घातलं. कनेक्टिकट विद्यापीठात तिनं आधीच अर्ज केला होता आणि राज्यातली विद्यार्थिनी म्हणून तिला प्रवेशही मिळाला होता. मग राज्याचा नवा कायदा आला. अर्ज करताना तुमचा पत्ता राज्याबाहेरचा होता ना? मग शिकत असेपर्यंत तुम्ही बाहेरचेच. दुसऱ्या सत्राला राज्यातल्या विद्यार्थ्याला १७५ डॉलर फी होती. तिला ४२५ डॉलर फी आणि वर ‘बाहेरची’ असण्याचे २०० डॉलर असे ६२५ भरायला सांगण्यात आलं.

लग्न होऊन सासरी आलेली मुलगी विद्यापीठाच्या दप्तरी मात्र कायमची माहेरचीच राहिली. नवऱ्याचं घर, मतदानाचा हक्क, लायसन्स यांतलं काहीही दाखवून तो शिक्का पुसायची सोय कायद्यात नव्हती. ती कोर्टात गेली. तिच्याबरोबर ओहायोहून आलेली, पदव्युत्तर शिक्षण घेणारी आणखी एक विद्यार्थिनी होती. ‘व्लँडिस विरुद्ध क्लाइन’ या नावानं हा खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचला आणि १९७३च्या जूनमध्ये तिथे दोघी जिंकल्या. माणूस बाहेरचा आहे असं एकदा गृहीत धरायचं आणि ते खोडून काढायची संधीच द्यायची नाही, हे घटनेत बसत नाही, असं न्यायालयानं सांगितलं.

या निकालाचं कौतुक करताना एक गोष्ट हमखास सुटते. घरच्याला एक फी आणि दारच्याला दुसरी, या पद्धतीला न्यायालयानं हातही लावला नाही. राज्यानं वाजवी मुदतीची अट घालावी, एक वर्ष राहून दाखवा म्हणावं, याला त्याची हरकत नव्हती. मिनेसोटाची अशी वर्षभराची अट न्यायालयानं दोन वर्षं आधीच मान्य केली होती. दार उघडलं, पण दारात बसून पत्ता विचारणारा कारकून तिथेच राहिला. तो आजही तिथेच आहे, फक्त त्याच्या हातातली पावती फार जाड झाली आहे.

किती जाड? कॉलेज बोर्ड या संस्थेच्या २०२४-२५च्या आकड्यांनुसार, चार वर्षांच्या सरकारी विद्यापीठात राज्यातल्या विद्यार्थ्याची छापील फी सरासरी ११,६१० डॉलर, तर परराज्यातल्याची ३०,७८०. वर्षाचा फरक १९,१७०, चार वर्षांचा ७६,६८०. डॉलरला ८५ रुपये धरले तरी पासष्ट लाखांच्या घरात जातो. राहणं, जेवण, पुस्तकं वेगळी. वर्ग तोच, प्राध्यापक तोच, पदवीच्या कागदावरची मोहोरही तीच. फरक फक्त पत्त्याचा.

राज्यांची बाजू ऐकून घेतली पाहिजे, कारण ती अगदीच पोकळ नाही. विद्यापीठ राज्याच्या करातून उभं राहिलं, ज्यांनी वर्षानुवर्षं कर भरला त्यांच्या मुलांना सवलत मिळावी. कॅलिफोर्नियात ही पद्धत १९२२ सालीच कोर्टानं उचलून धरली होती. गुंतागुंत वेगळ्याच ठिकाणी आहे. अमेरिकन न्यायालयांनी गरिबांना मिळणाऱ्या सरकारी मदतीसाठी घातलेली वर्षभराची अट १९६९ साली रद्द केली. नव्या राज्यात आलेल्या माणसाला पहिल्या दिवसापासून तिथला मानलं पाहिजे, असं म्हटलं. मग शिक्षणाला अपवाद का? १९९९च्या एका निकालात याचं उत्तर ओझरतं सापडतं. पोटाची मदत माणूस तिथेच खातो, पदवी मात्र खिशात घालून परत जातो. घटस्फोटाचा हुकूमनामाही तसाच, असं न्यायालय म्हणतं. पदवी आणि घटस्फोट एकाच ओळीत बसवणारी ही तुलना मला तरी विसरता येत नाही.

म्हणून प्रश्न ‘तू कुठे राहतोस’ एवढ्यावर थांबत नाही. खरा प्रश्न ‘तू का आलास’ हा असतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाची अट पाहा. सत्र सुरू होण्याआधी एक वर्षाहून जास्त, म्हणजे ३६६ दिवस, राज्यात राहिलेलं असावं. पण नुसते दिवस मोजून भागत नाही. कायमचं राहायचा इरादा आहे, हे लायसन्स, मतदार नोंदणी, कराचं विवरणपत्र यांतून दिसलं पाहिजे. आणि विद्यार्थी २४ वर्षांखालचा असून आईवडील दुसऱ्या राज्यात असतील, तर आपण पैशासाठी त्यांच्यावर अवलंबून नाही, हेही सिद्ध करायचं. अठरा-एकोणीस वर्षांचं कोणतं पोर हे सिद्ध करू शकतं? ते जमत असतं तर फीच्या सवलतीची त्याला गरजच पडली नसती. एक वर्ष राहून ‘इथला’ होऊ, अशा हिशेबानं येणाऱ्यांसाठी हा रस्ता जवळजवळ बंदच आहे. फक्त शिकायला म्हणून राहिलात तर ३६६वा दिवस उजाडतो, पण मोजला जात नाही.

आपल्याकडच्या वाचकाला हे परकं वाटायला नको. बारावीचा निकाल लागला की डोमिसाईलसाठी सेतू केंद्रावर लागणारी रांग महाराष्ट्रातल्या घराघराला ठाऊक आहे. बदलीच्या नोकरीमुळे पोराची दहावी भोपाळला झाली म्हणून राज्याच्या कोट्यात मेडिकलची जागा मागताना कागद जमवत फिरणारे आईबापही आपण पाहिलेत. मात्र आपल्याकडे भांडण होतं ते जागेवरून, अमेरिकेत ते फीवरून.

तरी फीवरूनही आपल्याकडे खटला झालाच आहे, तोही कनेक्टिकटच्या अठरा वर्षं आधी, होळकरांच्या इंदूरमध्ये. तिथल्या महात्मा गांधी स्मारक वैद्यकीय महाविद्यालयात तेव्हाच्या मध्य भारत राज्याच्या रहिवाशांना कॅपिटेशन फी माफ होती. बाहेरच्यांना १,५०० रुपये, आणि सरकारांनी नेमून पाठवलेल्यांना १,३००. दिल्लीचा एक विद्यार्थी याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेला. २७ जानेवारी १९५५ रोजी चार विरुद्ध एक अशा मतांनी तो हरला. घटनेच्या पंधराव्या कलमात जन्मस्थानावरून भेदभावाला बंदी आहे, निवासावरून नाही, असं बहुमताचं म्हणणं. पुढे १९८४ साली न्यायालयानं राज्याचा वेगळा अधिवास, म्हणजे डोमिसाईल, ही कल्पनाच नाकारली, आणि जानेवारी २०२५मध्ये पदव्युत्तर मेडिकलच्या जागांवरचं निवासाधारित आरक्षण घटनाबाह्य ठरवताना पुन्हा सांगितलं की भारतात अधिवास एकच, भारताचा. तहसील कचेरीतून मिळणाऱ्या दाखल्याचं नाव मात्र अजून तेच आहे.

अमेरिकेकडे परत येऊ, कारण तिथे या पत्त्याचा धंदा झाला आहे. २००८च्या मंदीनंतर राज्यांनी विद्यापीठांचं अनुदान कापलं. परराज्यातला विद्यार्थी, जो आधी ‘आपल्या मुलांची जागा घेणारा’ होता, तो आता ‘आपल्या मुलांचा खर्च भागवणारा’ झाला. अलाबामा विद्यापीठात आज निम्म्याहून जास्त विद्यार्थी बाहेरचे आहेत. कॅलिफोर्नियाच्या राज्य लेखापरीक्षकांनी २०१६मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठावर कडक अहवाल दिला. बाहेरच्यांना गुणवत्तेत सूट देऊन राज्यातल्या मुलांवर अन्याय केला, असा त्यांचा ठपका. विद्यापीठानं तो अमान्य केला, पण पुढच्याच वर्षी बहुतेक शाखांवर बाहेरच्यांसाठी १८ टक्क्यांची मर्यादा आली. त्याच वेळी बर्कली, लॉस एंजेलिस, सॅन दिएगो, अर्व्हाइन या शाखा मर्यादा आधीच ओलांडून बसल्या होत्या, त्यांना आहे तेवढं प्रमाण ठेवू दिलं. टक्का रोखला, दर नाही. २०२५च्या नव्या विद्यार्थ्यांसाठी बाहेरचेपणाची जादा फी ३४,२०० डॉलरवरून ३७,६०२ झाली. ही नुसती जादा रक्कम. मूळ फी वेगळी.

एवढी उंच भिंत म्हटली की फटीही आल्याच. पश्चिमेकडच्या राज्यांनी आपसात करार केला आहे. त्यात सामील झालेलं विद्यापीठ करारातल्या दुसऱ्या राज्यातल्या विद्यार्थ्याकडून घरच्या फीच्या दीडपटीपेक्षा जास्त घेत नाही. बर्कलीसारखी नावं अर्थातच त्या यादीत नाहीत. ज्याच्या दारात रांग आहे तो सवलत कशाला देईल? टेक्सासमध्ये किमान १,००० डॉलरची स्पर्धात्मक शिष्यवृत्ती मिळालेल्या बाहेरच्या विद्यार्थ्याला विद्यापीठ घरच्या दरानं फी लावू शकतं. हजाराच्या पावतीवर कित्येक हजारांची सूट! राजधानी वॉशिंग्टन हे राज्यच नाही, तिथल्या मुलांना ‘घरची’ मोठी विद्यापीठव्यवस्थाच नव्हती. म्हणून १९९९ साली काँग्रेसनं कायदा करून दुसऱ्या राज्यांतल्या फीचा फरक वर्षाला १०,००० डॉलरपर्यंत केंद्राच्या तिजोरीतून भरायला सुरुवात केली.

सगळ्यात गोड फट फ्लोरिडाची. २०२१मध्ये तिथे ठरलं की परराज्यातल्या हुशार विद्यार्थ्याचे आजी-आजोबा फ्लोरिडात राहत असतील तर त्याला राज्यातली फी. निवृत्त होऊन उबेला आलेल्या म्हाताऱ्यांचं हे राज्य, त्यामुळे हिशेब उघड आहे. पण संख्या ठरलेली, सबंध राज्यात ३५०. आजी कर भरते म्हणून नातवाला सवलत, हे तर्काला धरून आहे की भाबडं आहे, यावर मला अजून मत बनवता आलेलं नाही. आजीचा पत्ता कामी येतो, एवढं लक्षात ठेवू.

आता न्यू जर्सीतलं एक घर कल्पनेत आणू. वडील एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर, मुलगा त्यांच्यावर अवलंबून म्हणून एच-फोरवर. तीन वर्षांचा असताना पुण्याहून आला. शनिवारी मराठी शाळा, बाकी सगळं इंग्रजी. नोकरीवर आधारित ग्रीनकार्डं वर्षाला साधारण १,४०,०००, आणि कोणत्याही एका देशाला त्यातली सात टक्केच, अशी मर्यादा असल्यानं भारतीयांची रांग दशकांमध्ये मोजतात. मुलगा बारावीपर्यंत तिथेच शिकतो, घरचे राज्याला कर भरतात, घर विकत घेतलेलं आहे. केंद्र सरकारची शैक्षणिक मदत त्याला मिळत नाही, पण एच-फोरवर ‘कायम राहण्याचा इरादा’ धरायला कायद्याची आडकाठी नसल्यानं अनेक राज्यं त्याला घरचा मानतात. सगळीच नाही.

इथे एका जुन्या खटल्याचा आधार आहे. मेरीलँड विद्यापीठ जागतिक बँकेसारख्या आंतरराष्ट्रीय संस्थांच्या कर्मचाऱ्यांच्या मुलांना, जी-फोर व्हिसावाल्यांना, राज्यातली फी लावायला तयार नव्हतं. १९८२ साली सर्वोच्च न्यायालयानं विद्यापीठाला अडवलं. ज्यांना इथे स्थायिक व्हायची मुभा केंद्र सरकारनं स्वतःच दिली आहे, त्यांच्यावर राज्यानं वेगळं ओझं लादू नये, असा त्याचा रोख होता. ज्या व्हिसात स्थायिक होण्याची मुभा नाही, त्याला मात्र या निकालाचा उपयोग नाही.

मुलगा एकवीस वर्षांचा होतो. ग्रीनकार्ड आलेलं नसेल तर आता तो वडिलांवर अवलंबून असलेलं ‘मूल’ राहत नाही, एच-फोर संपतो. शिक्षण पुरं करायचं तर विद्यार्थ्याचा एफ-वन व्हिसा घ्यायचा. तोच वर्ग, तीच खोली, पण अनेक विद्यापीठांत पुढच्या सत्राचं बिल परराज्यातल्याच्या दरानं येतं. कायदेशीर मार्गानं आलेल्या या मुलांची एक विचित्र अडचण कॅलिफोर्नियात दिसली. तिथे २००१ साली कायदा झाला, राज्यातल्या शाळेत तीन वर्षं शिकून पास झालेल्यांना घरची फी. कागदपत्रं नसलेल्या मुलांना त्यात जागा होती, तात्पुरत्या व्हिसावरच्यांना ती नाकारली होती. ज्याच्याकडे कागद होता, त्याचा कागदच आड आला.

एफ-वनची आणखी एक अट आहे. परदेशात आपलं घर आहे आणि ते सोडून द्यायचा आपला इरादा नाही, हे मुलाला अधिकाऱ्यापुढे पटवून द्यावं लागतं. विद्यापीठाच्या फॉर्मवर सांगायचं, मी इथलाच, इथेच राहणार. व्हिसाच्या फॉर्मवर सांगायचं, मी तिथला, परत जाणार. दोन्ही खिडक्यांवर विचारतात ते मनातलंच, आणि उत्तरं उलटी हवी असतात. न्यू जर्सीच्या त्या मुलाला पुण्याचं घर म्हणजे दर दोन वर्षांनी सुट्टीत जायची जागा. व्हिसाच्या फॉर्ममध्ये ‘कायमचा पत्ता’ अशी चौकट येते. तिथे तो आजोबांच्या सोसायटीचं नाव घालतो, आणि पिनकोड आठवत नाही म्हणून आईला फोन करतो.