गुडघ्यावरचा हिरवा डाग आणि मेंदूतले सफाईवाले

बालमित्रांनो, तुमच्या गुडघ्यावर आत्ता एखादा डाग आहे का? बघा बरं नीट!

माझी भाची धारवाडला राहते. परवा कर्नाटक कॉलेजच्या मैदानावर पळता पळता ती सपशेल आपटली. कातडी फाटली नाही, पण गुडघा काळानिळा पडला. पाच-सहा दिवसांनी तिचा फोन आला, "मामा, माझा गुडघा हिरवा झालाय! आई म्हणते, आता पिवळा होईल. आत रंगपंचमी चाललीय का?"

रंगपंचमी नव्हे, सफाई! आपटल्यावर कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्या फुटल्या आणि रक्त बाहेर सांडलं. ते उचलायला शरीरातल्या भक्षक पेशी धावल्या. त्यांनी रक्तातलं लाल हिमोग्लोबिन मोडायला घेतलं. ते मोडताना आधी हिरवं बिलिव्हर्डिन तयार होतं, मग त्याचं पिवळं बिलिरुबिन होतं. डागाचा रंग बदलला, की समजायचं काम पुढे सरकतंय.

आता सांगा, असं रक्त मेंदूत सांडलं तर?

मोठी माणसं त्याला 'ब्रेन हॅमरेज' म्हणतात. मेंदूचं वजन आपल्या वजनाच्या जेमतेम २ टक्के, पण शरीराला लागणाऱ्या ऊर्जेतला सुमारे २० टक्के वाटा तो एकटा खातो! त्याला सतत रक्त लागतं. गंमत अशी, की ते रक्त मेंदूच्या पेशींना थेट लागलेलं मात्र चालत नाही.

हुबळी-धारवाडची चिगरी बस आठवा. ती आपल्या राखीव रस्त्यानं धावते आणि माणसं ठरलेल्या थांब्यावरच चढतात-उतरतात. मेंदूतलं रक्तही असंच धावतं. रक्तवाहिनीच्या भिंतीतून ऑक्सिजन, साखर अशा गरजेच्या वस्तू तेवढ्या पलीकडे उतरतात. पण तीच बस कठडा तोडून भाजीबाजारात घुसली तर केवढा अनर्थ होईल!

पहिली इजा होते दाबामुळे. गुडघा सुजला तर कातडी ताणते, पण कवटी हाडाची. ती ताणणार कशी? मग साठलेलं रक्त शेजारच्या नाजूक पेशींना चेपतं.

दुसरी इजा हळूहळू होते. तिचं कारण आहे लोखंड! धारवाडचं नाव मिळालेल्या, अडीचशे कोटी वर्षांहून जुन्या खडकांत लोखंड आहे आणि तेच लोखंड आपल्या रक्तातही आहे. हिमोग्लोबिनच्या कुशीत असताना ते ऑक्सिजन वाहून नेतं. पण सांडलेल्या रक्तातून सुटलं, की ते उपद्रवी रसायनं तयार करतं आणि ती पेशींची स्निग्ध आवरणं जाळतात. भोवतीचा भाग काही दिवस सुजत राहतो.

मग वाचवायला कोण येतं? मेंदूचे स्वतःचे सफाईवाले, मायक्रोग्लिया! स्पेनच्या पिओ देल रिओ ओर्तेगा यांनी १९१९ मध्ये त्यांची ओळख पटवली. या चिमुकल्या पेशी सांडलेल्या लाल पेशी गिळतात. सुटलेलं लोखंड फेरिटिन नावाच्या पोकळ गोळ्यात कोंडलं जातं. एका गोळ्यात लोखंडाचे ४,५०० पर्यंत अणू मावतात! पण रक्त फार सांडलं, तर सफाईवाले अपुरे पडतात आणि कधी त्यांच्याच धावपळीनं सूज वाढते. त्यांच्या मदतीला लोखंड पकडणारं डिफेरॉक्झामिन हे औषधही तपासून पाहिलं गेलं. हवा तसा गुण आला नाही, पण शोध थांबलेला नाही.

मेंदूला अशी इजा झाली, की शरीराची एक बाजू लुळी पडू शकते. त्याला पक्षाघात म्हणतात. महात्मा जोतिराव फुले यांना १८८८ मध्ये तो झाला. मेंदूचा डावा भाग शरीराची उजवी बाजू हलवतो आणि उजवा भाग डावी. जोतिरावांची उजवी बाजू लुळी पडली. तरी हार न मानता त्यांनी डाव्या हातानं लिहून 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' पूर्ण केलं!

पक्षाघात रक्तवाहिनी फुटल्यानं होतो, तसा ती गुठळीनं तुंबल्यामुळेही होतो. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, पण उपचार अगदी उलटे. जोतिरावांच्या काळी मेंदूच्या आत डोकावायची सोय नव्हती. सीटी स्कॅननं पहिल्या रुग्णाचा मेंदू दिसला तो १९७१ मध्ये. आता त्यात रक्त दिसलं, की डॉक्टर जपून रक्तदाब उतरवतात आणि गरज पडली तर शस्त्रक्रिया करून साठलेलं रक्त काढतात.

पण रुग्ण वेळेवर पोचला पाहिजे, आणि इथे तुमचं काम सुरू होतं! घरात कुणाचं तोंड अचानक वाकडं झालं, एक हात उचलेना, बोलणं अडखळलं किंवा कधी नव्हे इतकं डोकं दुखू लागलं, तर लगेच १०८ ला फोन लावा. घड्याळात किती वाजलेत ते लिहून ठेवा. रुग्णाला पाणी पाजू नका, मनानं कुठलीही गोळी देऊ नका.

मेंदूतल्या रक्तस्रावाचं सगळ्यात मोठं कारण आहे वाढलेला रक्तदाब. तो दुखत नाही, खुपत नाही, म्हणून कळतही नाही. मोजायला मात्र दोन-चार मिनिटं पुरतात. तेव्हा आज शाळेतून घरी गेलात, की आजी-आजोबांना एवढंच विचारा, "तुम्ही शेवटचा रक्तदाब कधी मोजलात?"