लसटंचाई आणि पाचव्या हिश्श्याची मात्रा

एप्रिल 2016 मध्ये तोंडावाटे द्यायच्या पोलिओ लसीतून दुसऱ्या प्रकारचा विषाणू जगभर वगळण्यात आला, तेव्हा त्यापासून बालकांना वाचवण्याचा भार निष्क्रिय विषाणूंच्या, म्हणजे टोचून द्यायच्या लसीवर आला. मात्र नेमके तिचेच उत्पादन अपेक्षेइतके न वाढल्याने तुटवडा पडला. भारताने स्नायूतील 0.5 मिलिलिटरऐवजी त्वचेच्या थरात 0.1 मिलिलिटरची अंशमात्रा सहाव्या व चौदाव्या आठवड्यात देणे सुरू केले. त्वचेत प्रतिकारपेशींची दाटी असल्याने अशा दोन अंशमात्रा एका पूर्ण मात्रेहून सरस ठरतात. हा निर्णय खरोखर दूरदर्शी होता. त्याच वर्षी हैदराबादच्या सांडपाण्यात लसजन्य विषाणू आढळल्यावर तेथील मोहिमेतही अंशमात्राच वापरली गेली. तेलंगणाच्या सीमेवरील देगलूरच्या पालकांनी 2023 पासून नवव्या महिन्यात जोडलेली तिसरी अंशमात्रा चुकवू नये.