सुईने आखलेलं काजळ

२०२२च्या पावसाळ्यात सप्तशृंगी गडावरचं देवीचं मंदिर बरेच दिवस बंद होतं. कड्याच्या दगडात कोरलेल्या त्या अठराभुजा मूर्तीवर पिढ्यान्‌पिढ्या शेंदूर चढत आला होता. तो हजार किलोंहून अधिक लेप थराथराने उतरवला गेला आणि २६ सप्टेंबरला, घटस्थापनेच्या दिवशी, दार उघडलं तेव्हा लोकांनी देवीचं मूळ रूप पाहिलं. 

चैत्राच्या यात्रेत याच गडाच्या पायऱ्या चढणाऱ्या म्हाताऱ्या बायांकडे कधी नीट पाहा. कपाळावर, हनुवटीवर, मनगटावर गोंदणाचे हिरवट-निळे ठिपके असतात. दगडावरचा शेंदूर वर बसलेला असतो, म्हणून तो उतरवता येतो. या ठिपक्यांनी मात्र आयुष्यभराची अंघोळ, उन्हाळे आणि शेतातला घाम पचवलेला असतो. मेल्यावर सोबत येणारा दागिना हा एकच, असं बायका म्हणत आल्या. आता त्यांच्या नाती पार्लरमध्ये जाऊन पापण्यांच्या कडेला आयलायनर गोंदवून घेतात. मशीन विजेवरचं, रंग बाटलीतला, पण काम तेच: सुईने टोचायचं आणि रंग आत सोडायचा. घरी आल्यावर पहिला प्रश्न येतो, आता तोंड कसं धुवायचं?

प्रश्न साधा आहे. त्याच्या उत्तरासाठी मात्र कातडीच्या आत उतरावं लागतं, आणि तिथे जे चाललेलं असतं ते पाहून मी तरी थक्क होतो.

आपल्या कातडीचा वरचा थर साधारण महिनाभरात नवा होतो. जुन्या पेशी झडतात, खालून नव्या येतात. रंग या थरात राहिला असता तर महिन्याभरात धुऊन गेला असता. गोंदणाची सुई त्याच्याही खाली, आतल्या थरात पोचते. तिथे रंगाचा कण शिरताच शरीराला कळतं की कुणीतरी परकं आलं, आणि भक्षक पेशी धावत येतात. या पेशी ओळखल्या त्या एली मेचनिकॉफ या शास्त्रज्ञाने. १८८२ साली सिसिलीतल्या मेसिना गावी त्याने तारामाशाच्या पारदर्शक पिल्लात काटे खुपसले आणि दुसऱ्या दिवशी पाहिलं, तर काट्याभोवती पेशींचा गराडा पडलेला. त्या कामासाठी १९०८ साली त्याला नोबेल मिळालं. काटा आणि त्याभोवतीचा गराडा, गोंदणाचं सगळं शास्त्र या एका दृश्यात आहे.

भक्षक पेशी रंगाचा कण गिळते. जंतू असता तर तिने तो पचवला असता, पण काजळी पचत नाही. मग ती पोटात कण घेऊन तिथेच थांबते. बरीच वर्षं समजूत अशी होती की या पेशी फार दीर्घायुषी असाव्यात, म्हणून गोंदण टिकतं. २०१८ साली फ्रान्समधल्या मार्सेच्या संशोधकांनी उंदरांच्या शेपटीवर गोंदून पाहिलं आणि रंग धरून बसलेल्या पेशी मुद्दाम मारल्या. गोंदण जसंच्या तसं राहिलं! पेशी मेली की कण मोकळा होतो आणि शेजारी आलेली नवी पेशी तो उचलते. कोजागिरीला नद्यांचं पाणी घेऊन गडावर कावडी येतात, वाटेत खांदा बदलतो पण कावड पुढे जात राहते, तसंच हे. आजीच्या हनुवटीवरचा ठिपका आज ज्या पेशींनी धरला आहे, त्या तिने गोंदवून घेतलं तेव्हा जन्मल्याही नव्हत्या.

आणि तो ठिपका हिरवट-निळा का? काजळी तर काळी. कातडीतून आत जाताना आणि परत येताना प्रकाश विखुरतो, निळा अधिक परततो, म्हणून खोलवरचा काळा आपल्याला निळसर दिसतो. पार्लरमधलं काळं आयलायनरही काही वर्षांनी निळसर दिसू लागतं, त्याचं एक कारण हेच. आल्प्समध्ये सापडलेल्या सुमारे ५३०० वर्षांपूर्वीच्या ओट्झी या बर्फातल्या माणसाच्या अंगावर ६१ खुणा आहेत, त्याही काजळीच्याच. टिकाऊपणात काजळीचा हात धरणारा रंग नाही.

पण हनुवटी वेगळी आणि पापणी वेगळी. पापणीची कातडी साऱ्या अंगात सगळ्यांत पातळ, जेमतेम अर्धा मिलिमीटर. तिच्या कडेला, केसांच्या मुळांच्या अगदी मागे, तेलाच्या बारीक ग्रंथींची रांग असते. वरच्या पापणीत तीसेक, खालच्या पापणीत त्याहून थोड्या कमी. प्रत्येक उघडझापीला त्या तेलाचा सूक्ष्म थेंब सोडतात आणि तो अश्रूंच्या थरावर पसरून डोळा सुकू देत नाही. सुई किंचित आत गेली की या ग्रंथींच्या तोंडाशीच पोचते. पापणी गोंदवून घेतलेल्या बायकांमध्ये या ग्रंथी झिजल्याचं आणि अश्रूंचा थर लवकर तुटत असल्याचं संशोधनात दिसलं आहे. पापणी गोंदण्याची ही पद्धत वैद्यकात आली १९८४च्या सुमारास, अमेरिकेतल्या लास व्हेगासचे नेत्रतज्ज्ञ गिओरा अँग्रेस यांच्यामुळे. म्हणजे तिची सुरुवात डोळ्याच्या डॉक्टराच्या हातून झाली होती. पार्लर निवडताना एवढं ध्यानात ठेवावं, असं मला मनापासून वाटतं. सुई तुमच्यासमोर नव्या पाकिटातून निघायला हवी, रंगाची वाटी फक्त तुमच्यापुरती हवी. कावीळ ब आणि क, एचआयव्ही हे वापरलेल्या सुईतून येणारे पाहुणे आहेत.

आता तोंड धुण्याकडे येऊ. गोंदून झालं की पापणीच्या कडेला शेकडो बारीक छिद्रं उघडी असतात. सूज येते, डोळा पाणावतो, पातळशी खपली धरते. आत भक्षक पेशी कामाला लागलेल्या, वर नवी कातडी विणली जात असते. त्या कामात आपण ढवळाढवळ करायची नाही आणि घाण आत जाऊ द्यायची नाही, एवढंच आपल्या हातात असतं.

आधी हात साबणाने धुवा. पाणी उकळून पूर्ण गार केलेलं, नाहीतर औषधाच्या दुकानातलं निर्जंतुक सलाईन घ्या. स्वच्छ गॉज त्यात भिजवून नाकाच्या बाजूने बाहेरच्या कोपऱ्याकडे हलकेच टिपा, आणि दर वेळी नवा तुकडा. एका डोळ्याचा तुकडा दुसऱ्याला लावू नका. चोळायचं नाही. नळाचं पाणी ओंजळीने तोंडावर मारायची आपली सवय काही दिवस बाजूला ठेवावी लागते. कपाळ, गाल, मान ओल्या कापडाने पुसून घ्या, सौम्य साबण लावलाच तर डोळ्यापासून लांब. केस धुताना डोकं मागे झुकवा. मलम लावायचं तर डॉक्टरांनी दिलेलं, डोळ्यासाठीच बनवलेलं. अंगाला लावायचं मलम डोळ्यात गेलं तर जळजळतं आणि इजाही करू शकतं. खपली आपली आपण पडू द्या. ओढून काढली तर रंगही तुटून येतो आणि जंतूंना वाट मिळते.

हळदीबद्दल थांबून सांगावं लागेल, कारण आपल्याकडे ती सगळ्यात आधी हाताशी येते. पूर्वी गोंदून झालं की हळद आणि तेल लावत, आणि मनगटावर ते बहुधा निभावत असे. पण डब्यातली हळद निर्जंतुक नसते. तिचा बारीक कण पापणीखाली गेला तर बुबुळ खरचटतं. गडावर जाणार असाल तर शेंदूर आणि कुंकू कपाळापुरतंच ठेवा, पापणीच्या आसपासही येऊ देऊ नका. पारंपरिक शेंदूर हा शिशाचा ऑक्साइड आहे, उघड्या जखमेत त्याला जागा नाही. यात्रेची धूळ, गुलाल, कुंडातलं स्नान, पोहण्याचा तलाव हे सगळं जखम भरेपर्यंत टाळलेलं बरं. तीच गोष्ट काजळ, मस्करा आणि कॉन्टॅक्ट लेन्सची. नंतर काजळ लावाल तेव्हा डबी नवी घ्या, जुन्या डबीत जुने जंतू असतात.

पहिल्या आठवड्यात रेघ भडक दिसते, मग खपली जाते आणि ती इतकी फिकी होते की पैसे वाया गेले असं वाटावं. धीर धरा. वरचा थर नवा व्हायला महिनाभर लागतो, खरा रंग त्यानंतर कळतो. सूज पहिल्या दोन-तीन दिवसांत कमी व्हायला हवी. ती वाढली, पू आला, धूसर दिसू लागलं, उजेड सहन होईना, तर पार्लरला फोन करत बसू नका, त्याच दिवशी डोळ्याच्या डॉक्टरांकडे जा.

ज्यांना जखमेचे वण उंच होऊन वाढतात, पापणीवर किंवा डोळ्यात पूर्वी नागीण झाली आहे, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत किंवा डोळ्याची शस्त्रक्रिया नुकतीच झाली आहे, त्यांनी आधी डॉक्टरांना विचारल्याशिवाय खुर्चीत बसू नये. लेझरने पुसता येईल या भरवशावरही राहू नका. पापणीवर लेझर चालवायचं तर बुबुळावर धातूचं कवच बसवावं लागतं, आणि लोह किंवा टायटॅनियम असलेले काही रंग लेझरने उलट काळे पडतात. आणि पुढे कधी एमआरआय करायची वेळ आली तर आत जाण्यापूर्वी तिथल्या माणसाला सांगा, पापण्या गोंदवलेल्या आहेत म्हणून. लोहाच्या रंगाने क्वचित तिथे जळजळ होते आणि डोळ्याभोवतीचं चित्रही बिघडतं.