पोर्शे 944: थरथर नेमकी कुणाची?

पोर्शे 944 सिग्नलला उभी असताना स्टिअरिंग थरथरू लागलं, आरसा धूसर दिसू लागला की मालकाचा संशय हमखास बॅलन्स शाफ्टवर जातो. तो जाणं स्वाभाविकही आहे. 1982 ते 1991 या काळात बनलेल्या या गाडीची ख्यातीच त्या शाफ्टमुळे आहे. पण आयडलिंगला होणाऱ्या थरथरीत शाफ्टचा हात फारसा नसतो. बहुतेक वेळा दोष इंजिनाखाली बसलेल्या दोन माउंटिंगचा निघतो, आणि त्यातही उजव्या बाजूच्या.

आधी शाफ्टचं काम समजून घेऊ. 944चं मूळ इंजिन 2479 सीसीचं आणि फक्त चार सिलिंडरचं, म्हणजे एकेक पिस्टन तब्बल 100 मिलिमीटर व्यासाचा. दोन पिस्टन वर जाताना दोन खाली येतात, तरी त्यांचे धक्के पूर्ण फिटत नाहीत, कारण कनेक्टिंग रॉड तिरपा होत असल्याने पिस्टनची चाल वरच्या अर्ध्यात आणि खालच्या अर्ध्यात सारखी नसते. उरलेला धक्का क्रँकच्या प्रत्येक फेऱ्यात दोनदा बसतो. तो मारण्यासाठी पोर्शेने मित्सुबिशीकडून परवाना घेऊन क्रँकच्या दुप्पट वेगाने फिरणारे दोन शाफ्ट बसवले. मात्र हा धक्का वेगाच्या वर्गाने वाढतो. 6000 आरपीएमला तो जेवढा असतो, त्याचा चव्वेचाळिसावा हिस्सासुद्धा 900 आरपीएमला उरत नाही. आयडलिंगला जाणवतो तो दुसराच धक्का: सिलिंडर पेटताना इंजिनाला बसणारा आडवा झटका. 900 आरपीएमला असे झटके सेकंदाला तीस. ते गिळण्याचं काम माउंटिंगचं.

यातूनच पारख मिळते. गाडी उभी असताना थरथर जास्त आणि 1500 आरपीएमच्या वर ती विरून गेली, तर माउंटिंग बघा. उलट आरपीएमबरोबर थरथर वाढत गेली, आणि नुकतेच बेल्ट बदललेले असतील, तर बॅलन्स शाफ्टच्या खुणा एखाद्या दात्याने चुकल्याची शक्यता मोठी. सायलेन्सरचा आवाजच अडखळत असेल, तर इंजिन एखाद्या सिलिंडरवर नीट चालत नाही. तिथे माउंटिंग बदलून पैसे वाया जातील.

साध्या माउंटिंगमध्ये दोन धातूच्या तुकड्यांमध्ये रबर असतं. 944ची माउंटिंग द्रव भरलेली आहेत. आत दोन कप्पे, मध्ये बारीक वाट. इंजिन हललं की द्रव या कप्प्यातून त्या कप्प्यात ढकलला जातो आणि त्या अरुंद वाटेत हालचालीची ताकद जिरते. त्यामुळे रबर मऊ ठेवता येतं, तरी खड्ड्यातून जाताना इंजिन उसळ्या मारत नाही. रबराला चीर गेली, द्रव गळाला, की उरतं ते नुसतं मऊ रबर, आणि ते इंजिनाच्या वजनाखाली दबत जातं. पूर्ण दबलं की धातूला धातू लागतो.

उजवी बाजू आधी का जाते? हे इंजिन उजवीकडे कललेलं आहे आणि एक्झॉस्टही त्याच बाजूला. मॅनिफोल्ड माउंटिंगच्या जवळून जातो. मध्ये उष्णता अडवणारा पत्रा असतो, पण एवढ्या वर्षांत तो गंजून गेलेला, नाहीतर कुणीतरी काढून परत न बसवलेला, हे चित्र नेहमीचं. शिवाय स्टिअरिंग रॅक ज्या क्रॉस मेंबरला कसलेला आहे, त्याच क्रॉस मेंबरवर ही माउंटिंग बसतात. म्हणून बिघाडाची पहिली तक्रार चालकाच्या तळहाताकडून येते.

तपासणीची एक रूढ पद्धत इथे फसवी ठरते. साध्या गाडीत ब्रेक दाबून, गिअर टाकून क्लच थोडा सोडला की इंजिन एका कुशीला उचललं जातं आणि खराब माउंटिंग उघडं पडतं. 944मध्ये गिअरबॉक्स मागे, चाकांजवळ आहे, आणि इंजिनापासून गिअरबॉक्सपर्यंत जाड नळी दोघांना घट्ट जोडते. पुढच्या टोकाचा पीळ मागच्या टोकाला त्या नळीतच भागतो. त्यामुळे इंजिन फारसं कुशीला वळत नाही आणि पाहणारा ‘माउंटिंग ठीक आहे’ म्हणून मोकळा होतो. त्यापेक्षा टॉर्च घेऊन खाली जावं. दोन्ही बाजूंना इंजिनाचा हात आणि क्रॉस मेंबर यांतलं अंतर ताडून पाहावं, आणि माउंटिंगखाली गळालेल्या द्रवाचा काळसर ओघळ आहे का ते बघावं.

बदलायची तर दोन्ही एकदम. एक नवं उंच आणि एक जुनं बसकं ठेवलं, तर इंजिन तिरकं बसतं.

काम थंड इंजिनावर करायचं. बॅटरीची ऋण वायर काढावी, गाडी पुढून भक्कम स्टँडवर घ्यावी. नुसत्या जॅकवर टांगलेल्या गाडीखाली शिरू नये. इंजिनाचं वजन पेलायला दोन्ही फेंडरच्या आतल्या कडांवर टेकणारा आडवा बार आणि साखळी हा उत्तम मार्ग, कारण खालची जागा मोकळी राहते. बार नसेल तर ऑइल चेंबरखाली जॅक लावतात, पण हा चेंबर ओतीव अॅल्युमिनियमचा आहे. मध्ये रुंद लाकडी फळी हवीच, नाहीतर माउंटिंगचं काम चेंबरवर जाईल.

उजवीकडचा पत्रा काढून माउंटिंगचे वरचे-खालचे नट सोडावेत. ते गंजलेले असतात. आदल्या संध्याकाळी गंज सोडवणारं तेल मारून ठेवलं तर पान्याशी झटापट टळते. मग इंजिन सावकाश उचलायचं, माउंटिंग सुटून बाहेर येईल इतकंच. उचलताना एकाने वर उभं राहून रेडिएटरचे पाइप, वायरिंग आणि एक्झॉस्टचे जोड ताणले जात नाहीत ना, हे पाहावं. इंजिन वर येतं तेव्हा ती लांब नळी आणि गिअरबॉक्सही थोडा कलतो, हे विसरू नये. जुनं माउंटिंग नव्याशेजारी ठेवलं की उंचीतला फरक डोळ्यांना दिसतो.

नवं बसवताना नट आधी हातानेच फिरवावेत. इंजिन खाली टेकवून दोन्ही हातांनी थोडं हलवावं, म्हणजे रबर पीळ न खाता आपल्या जागी बसतं. त्यानंतरच मॅन्युअलमधल्या आकड्याप्रमाणे टॉर्क रेंचने कसावं. लॉक नट जुने वापरू नयेत.

बाजारात शर्यतीसाठीची कडक माउंटिंगही मिळतात. ट्रॅकवर ती शोभतात. रोजच्या गाडीत घातली तर जी थरथर घालवायला निघालो, तीच पैसे देऊन परत आणल्यासारखं होतं. पैसे वाचवायचेच असतील तर मजुरीत वाचवावेत, द्रवाच्या माउंटिंगमध्ये नाही. आणि उजवीकडचा पत्रा गेलेला असेल तर नवा करून घेतल्याशिवाय गाडी बाहेर काढू नये. त्याच्या आडोशाशिवाय नवं माउंटिंगही जुन्याच्या वाटेने जाईल.

इंजिन आता आधीपेक्षा किंचित उंच बसलेलं असतं, त्यामुळे एक्झॉस्टची टांगणी रबरं पुन्हा बघावीत. गाडी सुरू करून आयडलिंगला थांबावं. पुढचं सगळं नवं असूनही गिअर बदलताना मागून ‘ठक्’ आवाज येत असेल, तर पुढचा संशय गिअरबॉक्सच्या तिसऱ्या माउंटिंगवर घ्यावा.